डाव्या बाजूचा ब्रेक

भेटायला येणारी माणसं हॉलमध्ये नीट हळहळतात, चहा घेतात आणि निघताना चपला घालता घालता हळूच विचारतात, “गाडीला काही लागलं नाही ना?” नाही हो, साधा ओरखडाही नाही, असं मी सांगते. “चला, तेवढं तरी बरं झालं,” म्हणतात. यात बरं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यांचा तरी काय दोष… आमच्या सोसायटीत सुधाकर आणि त्यांची जुनी पद्मिनी गाडी यांची नावं कुणी वेगवेगळी घेतच नसे. सुधाकर म्हणजे माझे मिस्टर. तळजाई टेकडीच्या उतारावर, त्याच गाडीत, हातात स्टिअरिंग असताना ते गेले. मी शेजारच्या सीटवर होते. त्याला आता काही आठवडे झाले. लोकांना वाटतं मी सावरले आहे, कारण मी रडत नाही. मी रडत नाही, कारण मला भीती वाटते आहे, आणि घाबरलेल्या माणसाला रडायला फुरसत नसते.

मी मुळात भित्रीच. लहानपणी मामाच्या जीपमधून दिवे घाट उतरताना तिचे ब्रेक गेले होते. मामाने गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत कशीबशी थांबवली. कुणाला काही लागलं नाही. मोठी माणसं खाली उतरून पाणी प्यायली, थोड्या वेळाने हसायलाही लागली. मी मागच्या सीटवर पाय रोवून बसले होते, ते पाय काही केल्या उचलेनात. मामीने मला अक्षरशः उचलून खाली घेतलं. तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसले की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. रिक्षा असो, बस असो, परक्याची गाडी असो. समोर म्हैस आली, मी दाबते. सिग्नल पिवळा झाला, मी दाबते. लग्नानंतर सुधाकरांच्या स्कूटरवर मागे बसल्यावर दाबायला काही नसायचं, मग मी त्यांचा खांदा आवळायची. ते नागपूरचे. इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांची बोली काही सुटली नाही. घरी आल्यावर शर्ट काढून खांद्यावरचे वळ आरशात बघायचे आणि म्हणायचे, “काय बाप्पा घाबरून राहिली तू! मी चालवून राहिलो ना?” तुम्ही चालवताय म्हणूनच, असं माझं ठरलेलं उत्तर.

अशा बाईच्या नवऱ्याने भोसरीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर काय करावं? एका ओळखीच्यांच्या आवारात वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी घरी आणावी. आणली म्हणजे टेम्पोला बांधून ओढत आणली. बॉनेटखाली मांजरीने पिल्लं घातलेली, दारं गंजून वाकलेली, आणि आत पायाखालचा पत्रा इतका कुजलेला की सीटवर बसून खालची फरशी दिसायची. समोरच्या दातारांनी गॅलरीतूनच सांगितलं, “वहिनी, आता भंगारवाल्याला हाक मारायला नको. आपल्या पार्किंगमध्येच सोय झाली.” आमचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी पार्किंगकडे. त्यामुळे पुढची काही वर्षं भाजी चिरताना मला खिडकीतून नवऱ्याचे दोन पाय तेवढे दिसायचे, बाकीचा नवरा गाडीखाली. जॅक लावलेला, लाकडी ओंडके दिलेले. तरी ती गाडी घसरून त्यांच्या छातीवर येणार याची मला इतकी खात्री होती की फोडणी जळायची आणि मी तशीच खिडकीशी उभी असायची. “अहो!” मी हाक मारायची. पाय हलायचे. एकदा हलले नाहीत तर मी झारा हातात घेऊन पळत बाहेर गेले. ते खाली आरामात एक बोल्ट कसत होते. त्या दिवसापासून गाडीखाली जाताना ते एक जास्तीचं चाक शेजारी आडवं सारून ठेवायला लागले, गाडी घसरलीच तर त्यावर अडेल म्हणून, आणि गाडीखालूनच ओरडायचे, “चाक टाकलं बाप्पा, आता तू पोळ्या कर!”

गाडी हळूहळू उभी राहिली. नाना पेठेतल्या दुकानांत त्यांच्या चकरा सुरू असायच्या, आल्यावर हाताला ग्रीस आणि चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. नवा पत्रा बसला, रंग लागला, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली दोन सीटच्या मध्ये आला. पुढच्या चाकांना त्यांनी दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले, सीटबेल्ट लावले. “मूळ गाडीत हे काहीच नव्हतं,” असं जुन्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडून सांगायचे. सुधाकर म्हणायचे, “मूळ गाडीत शैला पण नव्हती.” शैला म्हणजे मी. आम्ही फिरायला लागलो. काही महिन्यांनी गाडी धुताना ते माझ्या बाजूचं दार उघडून कितीतरी वेळ खाली बघत राहिले. नवीकोरी मॅट, पण एका जागी, नेमकी माझ्या उजव्या पायाखाली, झिजून पार भोक पडलं होतं. मी ओशाळले. नंतर बरेच दिवस गाडीखाली त्यांची ठाकठोक चालली, आणि मग एके दिवशी मला बोलावून म्हणाले, “बस. आता दाब.” मी पाय टाकला तर पायाखाली खरंखुरं पेडल! ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी असतं ना, तसं. एका दांडीने त्यांच्या ब्रेकला जोडलेलं.

मुक्ता, आमची मुलगी, कपाळाला हात लावून बसली. “बाबा, आईच्या हातात ब्रेक? आपण मंडईपर्यंतसुद्धा पोचणार नाही!” ती म्हणाली ते अगदीच खोटं नव्हतं. पहिल्याच रविवारी मंडईच्या गल्लीत एक हातगाडी जरा पुढे आली आणि मी असा करकचून ब्रेक दाबला की पिशवीतले टोमॅटो पुढच्या काचेवर जाऊन फुटले. मागचा रिक्षावाला खाली उतरून आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, “काका, झोप झाली नसेल तर घरी जा.” सुधाकरांनी त्याची माफी मागितली, काच पुसली, गाडी पुन्हा चालू केली. मला वाटलं, आता सुनावणार. तर म्हणाले, “तुझ्या पायाला वाटलं, तू दाबला. का दाबला, हे मी कधी विचारणार नाही. फक्त एक कर, मी निघायच्या आधी विचारीन, तेव्हा सांगत जा.” आणि तेव्हापासून आमची गाडी सुरू व्हायची ती अशी. इंजिन चालू करायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, “पाय तयार?” मी “तयार” म्हटल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नाही. मी कितीदा उगाचच ब्रेक दाबला असेल… कुत्र्यासाठी, सावलीसाठी, वाऱ्याने उडालेल्या कॅरीबॅगसाठी. त्यांनी खरोखर कधीच विचारलं नाही.

आता जे सांगणार आहे, तेच मला खातं आहे. शेवटच्या महिन्यात त्यांनी डाव्या बाजूचा तो सगळा जोड काढला आणि नव्याने केला, आधीपेक्षा जाड दांडीचा. मी म्हटलं, चांगला चाललाय की. “तुझा ब्रेक माझ्यापेक्षा ढिला लागून राहिला, बरोबर नाही ते,” एवढंच म्हणाले. मग एका सुटीच्या दिवशी मार्केट यार्डाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर मला घेऊन गेले. गाडी वेगात घ्यायची आणि मध्येच म्हणायचं, “माझा पाय नाही आहे असं समज. थांबव.” मी थांबवली. “पुन्हा.” पुन्हा थांबवली. मला घाम फुटला, मी चिडले. हे काय शाळेसारखं चालवलंय, मला घरी सोडा. ते हसले नाहीत. “आणखी एकदा,” म्हणाले, “आणि माझ्याकडे बघू नको. रस्त्याकडे बघ.” त्यांची ती आज्ञा मी पाळली. देवा, किती नीट पाळली…

त्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे तळजाईला फिरायला गेलो. ते जरा कमी चालले, बाकावर बसले, म्हणाले ऊन लागतंय. ऊन कुठे होतं? गाडीत बसलो. “पाय तयार?” “तयार.” उतार लागला. खाली रस्त्याच्या कडेने फिरायला आलेली माणसं, दोघी-तिघी जणी गप्पा मारत, एक आजोबा काठी टेकत. सुधाकरांनी “शैला” अशी हाक मारली. नेहमीसारखीच मारली, ओरडले नाहीत. आणि गाडी त्या बायकांच्या दिशेने सरकायला लागली, वेग वाढला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी रस्त्याकडे बघितलं आणि दाबला. इंजिनाने आचके दिले आणि बंद पडलं. गाडी थांबली. त्यातल्या एकीने वळून मला शिव्यासुद्धा घातल्या, “दिसत नाही का हो?” मी दाबूनच ठेवला. शेजारी त्यांचं डोकं पुढे झुकलेलं आहे, त्यांनीच बसवलेल्या पट्ट्याने त्यांना धरून ठेवलं आहे, हे मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळत होतं, पण मान वळवायची हिंमत होईना. पाय उचलला तर गाडी जाणार, हे एकच डोक्यात. लोक धावले, एका मुलाने आत हात घालून हँडब्रेक ओढला. “ताई, पाय काढा. गाडी थांबलीय. ताई, पाय काढा…” मला वाटतं तो मुलगा बराच वेळ हेच म्हणत होता.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आधीपासून जाणवत असावं. असावं! म्हणजे त्यांना माहीत होतं का? त्यांनी मला ब्रेक दिला, तो माझी भीती जावी म्हणून, की त्यांना स्वतःची वाटायला लागली होती म्हणून? ती जाड दांडी, ते “माझा पाय नाही आहे असं समज”… मी त्यांच्याजवळ नुसती बसून घाबरत होते आणि तेही घाबरत होते, आणि ते एकटेच? जिन्यात कुणी धपकन उडी मारली तरी पाय दाबला जातो, इथे, स्वयंपाकघराच्या फरशीवर. मुक्ता म्हणते, “आई, बाबांना नुसतं काम नीट करायची खोड होती गं, त्यात एवढं काही शोधू नकोस.” तसंही असेल. विचारायचं कुणाला?

मुक्ता वाघोलीला राहते, आयटीत आहे. सगळं आटोपल्यावर तिनेच गाडीचा विषय काढला. “विकू या का? किंवा निदान तुझ्या बाजूचं ते पेडल काढून टाकते. तू बसणार कशी त्या सीटवर?” मी म्हटलं, पेडलला हात लावायचा नाही. मग उरलं काय? गाडी पार्किंगमध्ये उभी आणि मी खिडकीत. खिडकीतून दोन पाय दिसत नाहीत. जास्तीचं ते चाक अजून तिथेच आडवं पडलेलं आहे. दातार परवा मुकाट्याने गाडीवरची धूळ पुसत होते, मला बघून आत गेले. गाडी सुरू केली नाही तर बॅटरी उतरते, एवढं तर मलाही माहीत झालं आहे. गेल्या रविवारी मुक्ता किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, “चल. एक चक्कर.” कुठे, असं मी विचारलं नाही. सहकारनगरातून वर जाणारा रस्ता लागला तेव्हाच कळलं.

चढताना ठीक होतं. वर गेलो, तिने गाडी वळवली आणि उतार समोर आला. तीच झाडं, लांब खालून चालत येणारी तशीच माणसं. मुक्ताने गाडी सोडली. तिला बिचारीला काय माहीत, आधी काय विचारायचं असतं ते! गाडी जेमतेम थोडी सरकली असेल, आणि माझा पाय खाली गेला. दोघीही पुढे आदळलो, पट्टे आवळले, इंजिन बंद. मुक्ताने हँडब्रेक ओढला आणि वळून म्हणाली, “आई! समोर कुणी नव्हतं. का दाबलास?”

इतक्या वर्षांत त्या गाडीत मला हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. आता ते खरंच नाहीत, हे मला तिथे कळलं… हॉस्पिटलात नाही, वैकुंठ स्मशानभूमीत नाही, तिथे, त्या उतारावर. मला जे रडू फुटलं ते आवरेना.

“भीती वाटली म्हणून,” मी म्हटलं.

मागे एक स्कूटरवाला हॉर्नवर हात ठेवून उभा होता. मुक्ताने गाडी पुन्हा चालू केली, हँडब्रेक काढला, पण गाडी हलेना, कारण माझा पाय तसाच होता. “आई,” ती म्हणाली, “तू सांगशील तेव्हाच निघू.” मी उजवीकडे मान वळवली, त्या दिवशी वळवली नव्हती तशी. तिथे मुक्ता होती, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत, तीही घाबरलेली. खालून चालत येणाऱ्या बायका कडेला झाल्या. हॉर्न वाजतच होता.

“तयार,” मी म्हटलं, आणि पाय उचलला.