मनी पोर

माझ्या मायनं भीक मागितली, असं फोन म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. सगळ्या बायांनी ऐकलं आणि ऑफिसची माणसं हसली.

यावलजवळ केळीचं पॅकहाऊस आहे. माय तिथं पाण्याच्या टाक्याशी उभी राहून केळीच्या फण्या धुते. चिकाचे काळे डाग तिच्या साडीवरून निघत नाहीत. मी पलीकडे पेट्यांवर लेबलं लावते. जळगावला बीएस्सी केलं आणि लेबलं लावते. असो.

त्या दिवशी माल घेणारा परदेशी पाहुणा आला. मॅनेजरनं आम्हाला नव्या टोप्या वाटल्या. पाहुण्याच्या कानात इअरबड. समोरचा आपल्या भाषेत बोलला की पाहुण्याला कानात इंग्रजी ऐकू येतं. जोडीतलं दुसरं बड समोरच्यानं घालायचं, मग त्यालाही आपल्या भाषेत कळतं. पाहुणा मायपुढं थांबला आणि दुसरं बड त्यानं तिच्यापुढं धरलं.

मॅनेजरनं त्याचा हात मधेच अडवला. "नो, नो, सर." मग आमच्याकडं बघत मराठीत, "तिच्या कानात घालणार? मग परत कोण घालील ते?"

आम्ही बौद्धवाड्यातले. त्याला माहीत आहे. तिनं धुतलेली केळी चालतात, तिचा कान चालत नाही. सोवळं आता बॅटरीवर चालतं, एवढाच फरक.

मी म्हणाले, "सर, मी सांगते ना इंग्रजीतून."

"तुझी इंग्रजी राहू दे. मशीन आहे."

पाहुण्यानं मग ते भाषांतर फोनच्या स्पीकरवर टाकलं. फोननं पुस्तकी मराठीत मायला विचारलं, इथं काम करणं तुम्हाला आवडतं का? माय साक्रीकडची. लग्न होऊन इकडं आली तरी तोंडात अहिराणीच. आणि तिची एक खोड आहे. कुणी परका माणूस बोलला की ती आधी माझं कौतुक सांगणार, बाकीचं मग. तिनं हात पदराला पुसला आणि माझ्याकडं बोट केलं.

"मनी पोर शे ही. मनी पोर!"

माझी पोर आहे ही. बस, एवढंच म्हणाली.

फोन इंग्रजीत बोलला, "मनी. पुअर. मनी. पुअर."

मायला वाटलं, मशीनला अहिराणी येते! खुलली बिचारी. "हां, हां! मनी पोर!" मान हलवून हलवून सांगायला लागली. ती माझं कौतुक सांगत होती आणि फोन पैसे मागत होता.

पाहुण्याचा चेहरा कसनुसा झाला. त्यानं पाकीट काढलं आणि एक नोट तिच्या ओल्या हातात ठेवली. ऑफिसची माणसं हसली. मॅनेजरही हसत म्हणाला, "व्हेरी पुअर पीपल, सर. ऑलवेज मनी." आणि मायला, "घे मावशी, साहेब खूश आहेत. पाया पड."

माय हसत होती. घरी आलेला पाहुणा जाताना पोरीच्या हातावर काही ठेवतो ना, तसंच हे, असं तिला वाटलं. नोट माझ्यापुढं धरून म्हणाली, "घे वं, तुनासाठे शे."

शी! किळस आली मला. फोनची नाही. फोनला काय कळतं, त्याला काही मायनं वाढवलेलं नाही. किळस आली मॅनेजरची. हा भडगावचा, अहिराणीच्याच मुलखातला. रोज डबा उघडला की आईला फोन लावतो, "जेवनी का माय?" मनी म्हणजे माझी, हे त्यानं पाळण्यात ऐकलंय. त्याला कळलं होतं. कळूनसुद्धा दात काढले आणि वर पाया पडायला लावत होता. लाज कोळून प्यायलेलं बेणं.

मी नोट घेतली आणि पाहुण्याच्या हातात परत ठेवली. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तिनं पैसे मागितले नाहीत. ही माझी मुलगी आहे, असं ती म्हणाली. पाहुणा लालबुंद झाला, सॉरी सॉरी करायला लागला. मॅनेजर माझ्या अंगावर आला. "उद्यापासून यायचंय की नाही तुला?"

"काय व्हयनं वं?" मायनं विचारलं.

मी तिला अहिराणीत सांगितलं. सगळं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं, ते बघवलं नाही मला. पण माझ्या मायवर सगळे हसणार आणि तिलाच ठाऊक नसणार, हे मला चालणार नव्हतं. माय टाक्यापासून निघाली ती थेट मॅनेजरपुढं उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही तं भडगावना. तुमले समजनं ना?"

तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मला अहिराणी येत नाही."

थू! मी खरंच थुंकले, तिथंच, त्याच्या बुटांजवळ. आमचा कान त्याला विटाळ. आणि स्वतःच्या आईची बोली? पाहुण्यापुढं तीही विटाळच.

घरी माय म्हणाली, सोडू हे काम, दुसरीकडं बघू. मी म्हणाले, नाही. आपण का सोडायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. तोवर मी त्या माणसाशी कॉलेजातलं शुद्ध मराठी बोलायची, जीभ सांभाळून. त्या दिवशी त्याच्या टेबलापुढं उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, मनी हजेरी मांडा."

"नीट मराठीत बोल."

"समजनं, म्हनीसन तं चिडी ऱ्हायनात ना?"

समजलं म्हणूनच तर चिडताय ना, असं मी विचारलं आणि मागं बाया फिसकन हसल्या. त्यानं मान खाली घालून हजेरी मांडली. तेव्हापासून मी त्याच्याशी अहिराणीतच बोलते. शिव्या खाते, पण दुसरं बोलत नाही. त्याला मला काढायचंय, ते मला माहीत आहे. काढावं. पण ते त्यानं अहिराणीत सांगावं, माझ्या मायसमोर, या सगळ्या बायांसमोर. दुसऱ्या कुठल्याही भाषेत सांगितलं तर मला समजणार नाही आणि मी जागची हलणार नाही.