झाडाकडे तोंड केलेलं घर

त्याला सगळे खुर्चीवाला म्हणत. कुणाचं घर आखायचं झालं की तो आधी घडीची खुर्ची घेऊन मोकळ्या जागेवर दिवसभर बसायचा. ऊन कुठून येतं, वारा कुठे वळतो, हे जागेनं सांगितल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, हा त्याचा हेका. "स्वतःच्या घरात कधी इतका वेळ टेकला नाहीत," बायको टोमणा मारायची.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या जागेवर एक जुनं, ऐसपैस झाड होतं. त्यानं अख्खं घर त्या झाडाभोवती वळवलं. ओसरी, स्वयंपाकघर, बाईंची निजायची खोली, सगळ्यांची तोंडं झाडाकडे. बाईंचे गुडघे कामातून गेलेले. ओसरीवरून थेट सावलीत जाता यावं म्हणून त्यानं ओसरीच्या उंचीपर्यंत माती भरून घेतली, पार खोडाला भिडवली. त्या सपाटीवर त्याचा भारी जीव होता.

बाई राहायला आल्या आणि वर्षाच्या आत झाड करपायला लागलं. त्यानं पाणी घातलं, खत घातलं. पानं गळतच राहिली. शेवटी कधी नव्हे ते बांधून झालेल्या घरापुढे त्यानं खुर्ची मांडली. बघता बघता त्याची नजर बुंध्यापाशी अडली. खोड खांबासारखं सरळ मातीत शिरलं होतं. बुंध्याचा पसारा, मुळांच्या फुगीर पाठी, काही दिसत नव्हतं. झाड त्यानं गळ्यापर्यंत पुरलं होतं.

फावडं आणून तो खणायलाच लागला. आवाज ऐकून बाई काठी टेकत ओसरीवर आल्या.

"अहो, माझं अंगण का उकरताय?"

"बाई, मीच घुसमटवलं याला. तुम्हाला पायरी नको म्हणून."

बाईंनी वर फांद्यांकडे पाहिलं. "वाचेल?"

"सांगता येत नाही."

"आणि गेलं, तर सकाळी उठून मी बघू काय? एक खिडकी रस्त्याकडे ठेवली नाहीत तुम्ही. म्हणालात, झाड असताना रस्ता कशाला."

तो खाली गुडघ्यांवर बसला. फावडं टाकून हातांनी माती काढू लागला. साल ओलसर लागली. जरा दाबली तर लगद्यासारखी सुटून हातात आली. ती मुठीत धरून तो क्षणभर तसाच बसला. मग गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथली माती उपसू लागला.

बाई ओसरीच्या कडेला येऊन थांबल्या. पुढे आता खड्डा होता, आणि उतरायला पायरी नव्हती.