हिल्काला चटका लागेना

हसू नका, पण हिल्काला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई गेली! लग्न होऊन मी नुकतीच या गावात आले होते. तळ्याकाठच्या सौन्यात, म्हणजे घाम काढायच्या गरम लाकडी खोलीत शिरले, तर सगळ्यात वरच्या बाकावर ही लांबलचक बाई, अंगावर चिंधी नाही, डोळे मिटलेले, ढिम्म. मी भीत भीत पायाचा अंगठा हलवून बघितला. एक डोळा उघडला.

"जिवंत आहे. तापल्या दगडांवर पाणी टाक, नाहीतर दार लावून बाहेर जा."

अशी आमची ओळख. पुढे कळलं, ही गावची टपालवाली. तिचा जन्म सौन्यातला. लग्नाच्या आदल्या दिवशीची आंघोळ सौन्यात. नवरा वाइनो गेला, तेव्हा रडायलासुद्धा तिथेच जाऊन बसली. म्हणाली, "तिथं बरं असतं. घाम कुठला न् डोळ्यांतलं कुठलं, कुणी विचारत नाही."

गेल्या हिवाळ्यात तिच्या काळजाची झडप बदलली. ऑपरेशनचं तिला काही वाटलं नाही, पण "सौना बंद" म्हटल्यावर डॉक्टरशी चार दिवस बोलली नाही. वसंतात एकदाची परवानगी मिळाली. खालचा, कमी आचेचा बाक, थोडाच वेळ, न् नंतर तळ्यात उडी नाही.

आता आमच्या जुन्या धुराच्या सौन्याभोवती वेलनेस सेंटर झालंय. शहरातली माणसं येतात, पांढरे झगे घालून फिरतात. हिल्का म्हणाली, हळूहळू सुरुवात करते. आधी अंग शेकायच्या लाल दिव्यांच्या खोलीत बसली.

"कसं वाटलं गं?"

"पाव भाजायच्या यंत्रात बसल्यासारखं. पण पाव तरी भाजतो."

मग वाफेची खोली, पांढऱ्या फरशीची. "बटाटे उकडतात तसं करतात," म्हणाली. "मी कच्चीच निघाले." विजेच्या सौन्यात मात्र आम्हीही होतो, मी न् आमच्या मैत्रिणी, सिर्पा न् लेंपी. पाण्याची बादली होती, तापलेले दगड होते.  बाहेर आल्यावर हिल्कानं टोमणासुद्धा मारला नाही. तेव्हा मला धडकी भरली.

शनिवारी धुराचा सौना तापवला. त्याला धुराडं नाही, लाकडं जाळून दगड तापवायचे न् धूर गेला की मगच आत बसायचं. दुपारी धूर निघून गेला. काळ्याकुट्ट भिंती, अंधार, जळक्या लाकडाचा तो गोड वास. हिल्का खालच्या बाकावर मान खाली घालून बसली, देवळात बसतात तशी. मी पाणी टाकलं. सिर्पानं टाकलं. लेंपीनं टाकलं. हिल्का उठून ओसरीवर निघून गेली.

मी मागोमाग गेले. टॉवेल गुंडाळून ती तळ्याकडे बघत होती.

"राइली, मला चटका लागत नाही."

"म्हणजे?"

"आत काही पोचतच नाही. दवाखान्यात झडपेबरोबर तेही काढून घेतलं वाटतं. मग जगून करायचं काय मी? पांढरा झगा घालून हिंडू?"

तिनं टॉवेलाच्या टोकानं डोळे पुसले. इतक्या वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. मला राहवेना.

"हिल्का, अगं, मी पाणी दगडावर टाकलंच नाही, त्या विजेच्या सौन्यातही नाही. कडेला टाकलं. तुझं काळीज..."

"काय?"

दारात सिर्पा उभी होती. तिचा चेहरा पडला. "मी तर फळीवर ओतलं. मला वाटलं, मी एकटीच."

"आणि मी," लेंपी आतूनच म्हणाली, "लाकडंच निम्मी घातली."

आमच्या लोकांचं हे असंच. कुणाची काळजी वाटली तर सांगायचं नाही, गुपचूप करायची. तिघींनी तीन वाटांनी तोच शहाणपणा केला होता न् मधल्यामधे बिचारी थंड बसली होती.

हिल्कानं आमच्याकडे पाहिलं. मग अशी हसली की तळ्यावरची बदकं उडाली. "म्हणजे मी धड आहे! तुम्हीच चोरट्या! चला आत!"

लेंपीनं लाकडं टाकली. पुन्हा धूर निघून जाईपर्यंत ओसरीवर आम्ही सॉसेज खाल्ले न् हिल्काच्या शिव्या खाल्ल्या. मग आत गेलो. मी पळीभर पाणी सरळ दगडांवर टाकलं. चर्रर्र! वाफ छताला लागून खाली आली न् हिल्का किंचाळली, "माझे कान! अगं, माझे कान भाजले!" लॉटरी लागल्यासारखा चेहरा! 

थोड्या वेळानं मी म्हटलं, "पुरे आता, पहिलाच दिवस आहे. चल बाहेर."

"आधी तू."

"अगं, काळीज तुझं नाजूक."

"माझं काळीज नुकतंच दुरुस्त करून आणलंय. तपासलेलं, कागदासकट. तुझं साठ वर्षांत कुणी उघडून तरी बघितलंय का?"

 मी उठले न् आधी बाहेर गेले.