नाक उघडलं

दसऱ्याला मी वीस वर्षांची सिगारेट सोडली आणि दिवाळीनंतर मला आंबलेल्या गुळाचा वास यायला लागला. जेवताना येई, देवापुढं बसलो तरी येई. मेंदूत गाठ झाली की असे भास होतात, असं मोबाईलवर वाचलं आणि घाबरून बारामतीचा दवाखाना गाठला.

"आत्ता येतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय."

"राहता कुठं?"

"इंदापूरकडं, साखर कारखान्याच्या मागं."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "अहो, गळीत सुरू झालंय. ती कारखान्यातली आंबलेली मळी आहे. गाठबीठ काही नाही, तुमचं नाक उघडलंय."

परतताना मी वेड्यासारखा तीनदा मोटारसायकल थांबवून हुंगत उभा राहिलो. भज्यांचं तेल, भिजलेलं रान, एकदा तर शेणखताचा ढीगसुद्धा. मजा वाटत होती.

हंगामात बायको खिडक्या लावून घ्यायची. मला वाटायचं, थंडीला घाबरते. घरात शिरताच विचारलं, "तुला मळीचा वास येतो?"

"व्हय की, हितं आलो तवापासून," ती भाकरी थापत म्हणाली. "पण तुमच्यापेक्षा बरा वाटायचा."