त्याच पानावर दुसराच निकाल

ते पुस्तक बाइंडिंगला गेलं नव्हतं. ते माझ्या खुर्चीखालच्या पत्र्याच्या पेटीत होतं. इतकी वर्षं मी बाइंडिंगचंच सांगत आलो.

तालुक्याच्या कोर्टात वकिलांचं ग्रंथालय मी सांभाळायचो. आमच्याकडे एक रीत होती. मोठ्या वकिलांच्या विरोधात जाणारा निकाल ज्या खंडात असेल, तो तारखेच्या आधी मी उचलून ठेवायचा. त्या वेळी भाऊ-बहिणीच्या जमिनीच्या एका दाव्यात भावांच्या बाजूनं मोठे वकील उभे होते. वडिलांच्या जमिनीत बहिणीला वाटा नाही, कारण तिचं लग्न कायदा बदलण्याआधी झालं, असं भावांचं म्हणणं होतं. लग्न कधीही झालं तरी मुलीचा वाटा सुटत नाही, असा हायकोर्टाचा निकाल त्या खंडात होता.

बहीण सोनईकडची, ऊसतोडीला जाणारी. तिच्या वकिलानं चिठ्ठीवर साल आणि पान लिहून तिलाच पिटाळलं होतं.

"साहेब, ह्याचं झेरॉक्स पायजे."

"झेरॉक्स करता येत नाही. कॉपीराइट आहे. पोलीस धरतील," मी म्हणालो. कोर्टाच्या निकालावर कुणाची मालकी नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिनं चिठ्ठी पुन्हा उलगडून पाहिली. मग म्हणाली, "हातानं उतरून घेतलं तर चालंल का?"

बाइंडिंगचं तिथंच सांगितलं असतं तर ती निघून गेली असती. पण टेबलाशी दोन ज्युनियर वकील चहा पीत बसले होते आणि मला गंमत सुचली. मी दुसऱ्याच सालचा खंड काढला. सगळे खंड लाल, पाठीवरचं साल पुसट झालेलं. चिठ्ठीतलंच पान उघडून दिलं. तिनं आकडा चिठ्ठीशी ताडून पाहिला आणि मान हलवली.

तिला इंग्रजी येत नव्हतं. रांगोळी काढावी तसं एकेक अक्षर ती वहीत काढत होती. दोन दिवस. मधेच बोट ठेवून विचारायची, "भाऊ, हे टिंब हाय का डाग हाय?"

"टिंब आहे. सोडू नका, नाहीतर केस जाईल," मी म्हणायचो. ज्युनियर तोंडावर रुमाल धरायचे.

तारखेला तिच्या वकिलानं न वाचताच ती वही कोर्टापुढं केली. निकाल दुकानाच्या भाड्याचा निघाला. सगळं कोर्ट हसलं. मीही दाराशी उभा राहून हसलो. खरा खंड बाइंडिंगला गेलाय, ही थाप मी त्या दिवशी तिच्या वकिलाला मारली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. दावा फेटाळला गेला आणि अपील कुणी केलं नाही.

आता तो निकाल माझ्या मोबाईलवर फुकट निघतो. गेल्या वर्षी तो छापून घेतला आणि सोनईच्या बाजारात तिला शोधलं. ती मेथीच्या जुड्या विकत होती. मी सगळं कबूल केलं. तिनं कागद हातात घेतला नाही.

"मराठीत सांगा."

मी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे माझा वाटा हुता."

"होता."

"भावांनी इकली जमीन. आता तिथं लॉन हाय, लग्नाचं." तिनं जुड्यांवर पाणी मारलं. "आन् ते टिंबच हुतं का, का डाग?"

मला आठवेना. मी तसं सांगितलं.

"बाजूला व्हा भाऊ," ती म्हणाली, "गिऱ्हाईक हाय."