सुकदेव नानांनी रायफल जमा केली

फौजेतून सुभेदार होऊन भडगावजवळच्या आमच्या गावी परतताना सुकदेव नानांनी दोन गोष्टी आणल्या: भरघोस मिशा आणि एका निवृत्त साहेबाने दिलेली जुनी इंग्लिश टारगेट रायफल. एका वेळी एकच गोळी घेणारी. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लागत नाही इतकं तेल तिला रोज लागायचं. नानांनी पलटणीला नेमबाजीच्या ढाली जिंकून दिल्या होत्या, पण सगळे नेम कागदावर. गावाने मात्र निम्मी शत्रूसेना त्यांच्या नावावर मांडून टाकली होती. नेम धरायला ते इतका वेळ घेत की आमच्यातला भटू म्हणायचा, "नाना, तवलग शत्रू म्हतारा व्हई जास."

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक पिसाळलेलं कुत्रं दोन वासरांना चावून गिरधर आबांच्या केळीच्या बागेत घुसलं. आत बाया केळीच्या बुंध्यालगत फुटलेले कोंब, म्हणजे पिलं, कापत होत्या. नानांची बायको झुंबरबाई त्यांच्यातच. केळीत चार हातांपलीकडचं दिसत नाही. आम्ही हाका मारल्या. दोन-तीन ठिकाणांहून ओ आली, मग एकदम काहीच नाही.

नाना रायफल घेऊन बांधावर आले. पाटाच्या कडेला कुत्रं उभं होतं. मान खाली, तोंडातून लाळेची तार. नानांनी रायफल खांद्याला लावली. गोळी सुटेना.

"नाना, मारा ना. काय दखी राहिनात?" भटू कुजबुजला.

"त्याना मांगे कोन शे, माहीत शे का तुले?"

फायरिंगच्या मैदानात कागदामागे मातीचा ढिगारा असतो. इथे कुत्र्यामागे नुसती पानं हलत होती. नाना पुढे चालत गेले आणि भाकरी टाकायला बोलवावं तसं त्यांनी कुत्र्याला बोलावलं. ते आलं. त्याने नानांची पोटरी धरली, तेव्हा नानांनी नळी वरून त्याच्या डोक्याला टेकवली. गोळी डोक्यातून आरपार मातीत गेली.

कुत्रं आधी पाटाकडेला उभं होतं, बरोबर त्याच रेषेत मागची पानं बाजूला झाली आणि झुंबरबाई बाहेर आली.

जळगावच्या सरकारी दवाखान्यात नानांच्या पोटात इंजेक्शनं सुरू झाली. जखम खोल आहे, पाण्याची भीती वाटते का बघत राहा, असं डॉक्टर म्हणाले. गावाला आयतंच काम मिळालं. रोज सकाळी अर्धा गाव विचारपूस म्हणून नानांच्या घरी ओट्यावर. चहाचा कप नानांच्या ओठांना लागेपर्यंत कुणाची पापणी लवायची नाही. नानाही मुद्दाम मोठ्ठा भुरका मारत. एका सकाळी कप ओठांपाशी थांबला.

"गरम शे," नाना म्हणाले.

चहा केव्हाच निवला होता.

त्याच दिवशी त्यांनी रायफल ठाण्यात जमा केली. जमादाराने कारण विचारलं, तर म्हणाले, "घरात बाईमाणूस आहे."

घरी येऊन त्यांनी खाट ओसरीवर काढली आणि झुंबरबाईला सांगितलं, "आतून कडी लावत जाय."

तिने दार सताड उघडं ठेवलं आणि आपलं अंथरूण आणून त्यांच्या खाटेला लागून टाकलं.