मर्यादवेल आणि पुढची रांग

"सोडा! सोडा म्हंते ना! त्याच्या उशाची वेल हाय ती, मेल्यांनो! हात लावू नका!"

काकी दफनभूमीच्या फाटकातून ओरडत येत होती. काकी नात्यानं माझी कोणी नव्हे, आख्ख्या वाडीचीच काकी. तिचा नवरा तांडेल होता, मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. तो होडीवर असताना ती त्याला जेवायला हाक मारायची, तेव्हा आजूबाजूच्या चार गावांचे तांडेल जाळी अर्ध्यात सोडून आपापल्या घरी जेवायला जायचे, असं मी आजवर शंभर लग्नांत सांगत आलोय आणि एकानंही मला खोटं ठरवलेलं नाही. पण त्या रविवारी तिच्या आवाजाला उशीर झाला. दफनभूमीच्या समुद्राकडच्या भिंतीबाहेरची वाळू तोवर आम्ही अशी लख्ख केली होती की तिच्यात बघून दाढी करावी. उपटलेल्या वेलीचा ढीग बाजूला पडला होता, जांभळ्या फुलांसकट.

मे महिना होता. आमचे फादर तेव्हा नवे होते, घाटावरून बदलून आलेले, तरुण आणि पर्यावरणाच्या विषयावर पेटलेले. आल्या आल्या त्यांनी पर्यावरण समिती काढली आणि वाडीनं तिला लगेच कचरा समिती म्हणायला सुरुवात केली. मिस्सा संपली की घरचं मटण चुलीवर सोडून सगळ्यांनी पोती घेऊन किनाऱ्यावर जायचं, असा नियम. त्या रविवारी बायबलचं वाचन होतं द्राक्षवेलीचं. फळ न धरणाऱ्या फांद्या कशा तोडून जाळतात यावर फादरांनी असं प्रवचन दिलं, की चर्चमधले बंद पडलेले पंखेसुद्धा फिरायला लागले. माणसं तशीच तापून किनाऱ्यावर उतरली. पुढ्यात काय, तर वाळूवर ऐसपैस पसरलेली वेल. तिची भाजी होत नाही, तिचं काही खाता येत नाही, बकरी तिला तोंड लावत नाही. वर तिच्यात दोऱ्या, थर्माकोल आणि गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या. एकानं ओढली, दुसऱ्यानं ओढली, आणि मग कोण थांबतंय! दुसऱ्या कुठल्या गावानं निदान आळसापायी अर्धी वेल सोडली असती. आम्ही प्रवचन ऐकून आलो होतो. आम्ही मुळासकट काढली.

मी स्वतः काही उपटलं नाही. माझी कंबर वाकत नाही. शिवाय आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाचं काम अशा वेळी इतरांना हुरूप देण्याचं असतं. तो मी भरपूर देत होतो.

काकीनं ढिगातून वेलीचा एक लांब दोर ओढला आणि फादरांच्या तोंडासमोर धरला. "ही काय हाय, ठावं हाय का? मर्यादवेल हाय ही. ही वाळू धरून बसते म्हणून दर्या तिथं थांबतो."

फादर आमच्याकडे वळले. "हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत कसं नसणार? वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते नाव ठाऊक होतं. फक्त त्या सकाळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले.

"मग कोणी बोललं का नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "प्रवचनात मधी बोलायची रीत न्हाय, फादर."

काकीचा जीव एवढा का तुटला ते सांगायला हवं. भिंतीला लागून, समुद्राच्या सगळ्यात जवळ, पुढच्या रांगेत तिच्या नवऱ्याची कबर आहे. आमच्याकडे रीत अशी की घरातलं माणूस गेलं की घरच्याच कबरीत त्याला जागा द्यायची. आधीच्या फादरांकडून काकीनं शब्द घेऊन ठेवला होता: तिची वेळ आली की तीच कबर उघडायची आणि तिला तिथंच ठेवायचं. तिला मूलबाळ नाही. घर पुतण्याच्या नावावर, होडी कधीच विकलेली. तिच्या हक्काचं म्हणावं असं जगात एवढंच होतं, तेही भिंतीच्या आतल्या बाजूला. भिंतीच्या बाहेर वाळू, वाळूवर वेल आणि वेलीच्या पुढे अरबी समुद्र. त्यातली वेल आम्ही काढून टाकली.

तिनं आणि फादरांनी मिळून ढिगातले दोर परत वाळूवर अंथरले, वर दगड ठेवले. फादरांचा झगा घोट्यापर्यंत वाळूनं भरला. पण मुळं धरायला वेळ कुठे होता? उधाणं सुरू झाली आणि पावसाळाभर समुद्रानं ती वाळू अशी नेली, जसं लग्नाच्या पंगतीत बँडवाले गुलाबजाम नेतात. आम्ही बँडवालेच असल्यामुळे मला ते पटकन कळलं. ऑगस्टमध्ये भिंतीचा पाया उघडा पडला.

तेव्हा चाचा आले. आमच्या दफनभूमीच्या मागच्या भिंतीला लागून मोहल्ल्याचं कब्रस्तान आहे आणि चाचा त्यांच्या जमातीतले वजनदार. आयुष्य दुबईत काढलेलं, रस्त्याच्या कडेची झाडं जगवण्याच्या कामावर. त्यांच्या बोलण्यावर जायचं तर अर्धं आखात त्यांनी एकट्यानं हिरवं केलंय. गप्पा ठोकण्यात हा एकच माणूस मला भारी पडतो, म्हणून मी त्यांना मानतो.

"फादरसाब," चाचा म्हणाले, "आज तुमची मय्यत भिजली की उद्या आमची भिजणार. तुमची भिंत म्हंजे आमची ढाल हाय. मी रेगिस्तानात झाडं जगवली हायत. ही वेल काय चीज हाय?"

"मग लावू या?"

"इन्शाअल्ला. फकत आधी ह्या बाजेवाल्याला सांगा, हुरूप कमी दे नि फावडा उचल."

गणपती झाल्यावर चाचांच्या टेंपोतून पलीकडच्या खाडीजवळच्या किनाऱ्यावरून वेलीचे दोर आले. मासे सुकवणाऱ्या बायकांनी जुनी जाळी दिली. वाळू अडावी म्हणून आम्ही माडाच्या झावळ्यांचा कूड उभा केला. लावणीच्या दिवशी फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, चाचांनी दुआ मागितली आणि मला वाजवायला सांगितलं. मला दोनच प्रकारची गाणी येतात, वरातीची आणि मय्यतीची. कुठलं वाजवावं ते ठरेना, म्हणून वरातीचंच जरा हळू वाजवलं.

काकी रोज संध्याकाळी विहिरीवरून कळशी भरून आणायची आणि एकेका दोराला पाणी घालायची.

"काकी, तिला गोडं पाणी लागत न्हाय," मी म्हणायचो.

"तिला न्हाय लागत. मला बरं वाटतं."

दिवाळीनंतर वेलीनं मूळ धरलं. पानं आली, आपट्यासारखी दुभंगलेली, आणि मी वाडीभर सांगत सुटलो की आमची वेल रात्रीतून हातभर वाढते, झोपलेल्या कुत्र्याला गुंडाळते. मग पर्यटक आले. सुट्टीचे तीन दिवस जोडून आले होते. एक मोठी काळी गाडी वाळूवर उतरली आणि गोल गोल फिरायला लागली. चाचा धावत गेले. "अरे भाय, इधर पौधा लगाया है!"

खिडकीतून एका पोरानं मान बाहेर काढली. "अंकल, बीच है, खेत थोड़ी है."

चाचा परत आले ते माझ्याशेजारी बसले आणि बराच वेळ दुबईबद्दल काहीच बोलले नाहीत. गाडी गेल्यावर काकी उठली, चाकांच्या खुणांमधून तुटलेले दोर गोळा केले आणि परत पुरायला लागली. मग आम्हीही उठलो.

असं दुसऱ्या वर्षी झालं, तिसऱ्या वर्षी झालं. पावसाळ्यात समुद्र न्यायचा, नंतर आम्ही लावायचो, हिवाळ्यात गाड्या तुडवायच्या, उरलं ते घेऊन परत पावसाळ्याला सामोरं जायचं. मधले रविवार कचऱ्याचे. कचऱ्यातल्या चपला नेहमी डाव्या पायाच्याच निघतात. समुद्रापलीकडे उजव्या पायाच्या एकपायी माणसांचा देश आहे आणि ते लोक जोडातली नको असलेली चप्पल आमच्याकडे पाठवतात, असं मी पहिल्या वर्षी सांगायचो तेव्हा सगळी समिती हसायची. दुसऱ्या वर्षी निम्मी हसली. नंतर निम्मी समितीच राहिली नाही. कुणाचं मटण करपायचं, कुणाचा क्रिकेटचा सामना असायचा, कुणाचे गुडघे. आम्ही कुणाला बोललो नाही. पोतं भरायचं, बांधायचं, ओढत रस्त्याला आणायचं, आणि पुढच्या रविवारी त्याच जागी तेवढंच सापडायचं, जणू आम्ही कधी तिथे गेलोच नव्हतो. बंधाऱ्यासाठी फादरांनी अर्ज केला. एक साहेब आले, भिंतीपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला, सोलकढी दोनदा मागून प्यायले आणि बघू म्हणाले. अजून बघतायत.

मी दमलो असं मी कधी म्हणत नाही. माझ्या तोंडाला ते शोभत नाही. पण परवा एका हळदीला हीच गोष्ट सांगत होतो आणि भिंतीवर आपटणारी लाट केवढी होती ते वाढवून सांगायचं विसरलो. होती तेवढीच सांगितली. समोरचा माणूस म्हणाला, "बस, एवढीच?"

दुसऱ्या पावसाळ्यातच फादर काकीला म्हणाले होते की पुढच्या रांगेतल्या अस्थी मागे हलवून ठेवू. काकीनं त्यांना पुढे बोलूच दिलं नव्हतं. "एक हाड हलवायचं न्हाय. त्यानं ती जागा स्वतः बघून ठेवलेली. आधी मला उचला, मग त्याला." फादरांनी विषय सोडून दिला. त्यानंतर कूड बांधायला ते आमच्याही आधी यायला लागले.

यंदा ऑगस्टच्या उधाणात भिंत गेली. मी तिथेच होतो. ती कडाडून कोसळली, जमीन हादरली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. म्हातारा माणूस भिंतीला टेकत टेकत खाली बसतो, तशी ती मधोमध बसली आणि तिच्यावरून पाणी आत आलं. पुढच्या रांगेतला एक क्रूस कलला. काकीच्या नवऱ्याचा नव्हे, त्याच्या शेजारचा.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी सगळ्यांना दफनभूमीत बोलावलं. ते आता तेवढे तरुण दिसत नाहीत. म्हणाले, "पुढची रांग हलवावी लागेल. पण खरं सांगतो, मागे जागा नाही."

चाचा भिंतीपलीकडून, कब्रस्तानाच्या बाजूनं बोलले. "आमच्याकडं पट्टा मोकळा हाय, ह्या भिंतीलगत. मधली भिंत थोडी पाडली की तुमच्यातच येईल. जमातीला विचारलंय मी. हरकत न्हाय."

मग एका घरानं हो म्हटलं, मग दुसऱ्यानं. रांगेतली सगळी घरं झाली आणि सगळे काकीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही ओरडणार, आणि एकदा ओरडली की भिंत राहिली बाजूला, समुद्रच पार दिघी बंदरापर्यंत मागे हटेल. काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती घरी निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. ती ओटीवर सुपात जवळा पसरून त्यातला केरकचरा वेचत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सुरू झालो. "काकी, तू काय काळजी करू नको. फादरांना मी बघतो. पाऊस सरू दे. मी नि चाचा अशी वेल लावतो ना, अशी जाडजूड, की दर्या आपल्या वाडीला वळसा घालून श्रीवर्धनला जाईल. गाड्या आल्या तर मी स्वतः आडवा पडेन वाळूत. तुझ्या माणसाला नि त्याच्याशेजारच्या तुझ्या जागेला कोण हलवतो तेच बघतो मी."

ती वेचतच राहिली. माझं सगळं बोलून होईपर्यंत तिनं मला बोलू दिलं. मग सुपातून एक खडा काढून अंगणात टाकला.

"त्याला मागं न्या," ती म्हणाली. "मला पोहता न्हाय येत."